‘पण’च्या पुढचं वाक्य

संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सतरंज्या अंथरल्या होत्या, वाण म्हणून स्टीलच्या चाळण्या होत्या आणि तिळगुळाच्या डब्याभोवती पोरांची गर्दी होती. चौथ्या मजल्यावरची शेजारीण माझ्या मनगटाला अत्तर लावता लावता म्हणाली, “मी काही स्त्रीवादी वगैरे नाही हं, पण फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घ्यायचा हे मी आधीच सांगून टाकलं होतं.”

पाच मिनिटांनी दुसरी म्हणाली, “मी काही स्त्रीमुक्तीवाली नाही, पण माझ्या मुलाला मी त्याचं ताट त्यालाच घासायला लावते.” आणि तिसरी? तिची जाऊ दोन वर्षांपूर्वी विधवा झाली. “मला ते स्त्रीवाद-बिद काही कळत नाही, पण हळदीकुंकवाला तिला बोलावणार नसाल तर मीही येणार नाही, असं मी सांगितलं.” ती जाऊ समोरच बसली होती. कपाळाला कुंकू, हातात चाळणी.

एका संध्याकाळी, एका गच्चीवर, तीन वेळा तेच वाक्य! मी घरी आले तरी ते डोक्यातून जाईना. त्याची घडण बघा. मध्ये ‘पण’ नावाची बिजागरी. तिच्या अलीकडे एक शब्द झटकून टाकलेला आणि पलीकडे त्याच शब्दाचा अर्थ जसाच्या तसा जगून दाखवलेला. बाईच्या नावावर घर, मुलाच्या हातात घासणी, विधवेच्या कपाळी कुंकू. स्त्रीवादाच्या पुस्तकात याहून वेगळं काय लिहिलेलं असतं? मग शब्दालाच नकार का?

हे फक्त आपल्याकडेच होतं असं वाटत असेल, तर अमेरिकेत २०१३ साली झालेल्या एका जनमत चाचणीचे आकडे पाहा. हफिंग्टन पोस्ट आणि युगव्ह यांनी लोकांना विचारलं, स्त्री आणि पुरुष सामाजिक, राजकीय आणि आर्थिक बाबतींत समान असावेत का? ८२ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. तुम्ही स्वतःला स्त्रीवादी म्हणवता का? याला ‘हो’ म्हणणारे निघाले २० टक्के. माल तोच. नुसतं नाव उच्चारलं की गिऱ्हाईक चौथाईवर येतं!

याचं कोडं उलगडायला आधी एक छोटा खेळ खेळू. डोळे मिटा आणि ‘पक्षी’ म्हणा. काय दिसलं? चिमणी, पोपट, फार तर कावळा. कोंबडी दिसली? शहामृग? भायखळ्याच्या राणीच्या बागेत पोहणारा पेंग्विन? तोही शंभर टक्के पक्षीच. चिमणीला जितके पंख तितकेच त्यालाही. पण मन त्याला रांगेत मागे उभं करतं.

१९७०च्या दशकात एलिनॉर रॉश या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी हे प्रयोगांनी दाखवून दिलं. आपल्याला वाटतं, डोक्यात प्रत्येक शब्दाची व्याख्या असते आणि समोरची वस्तू आपण त्या व्याख्येला लावून बघतो. प्रत्यक्षात डोकं बहुतेक वेळा व्याख्येपर्यंत जातच नाही. ते एक नमुना काढून ठेवतं, भिंतीवर टांगलेल्या फोटोसारखा. नवी वस्तू आली की ती फोटोसारखी दिसते का, एवढंच बघतं. मिळतीजुळती असली की उत्तर झटकन येतं, नसली की मन अडखळतं. आणि हा फरक घड्याळ लावून मोजता येतो! व्याख्येनं पेंग्विन पक्षी आहे, फोटोनं तो ‘तसा काही पक्षी वगैरे नाही’.

आता पुन्हा डोळे मिटा आणि ‘स्त्रीवादी’ म्हणा. कोण दिसलं? मी गेले काही महिने ओळखीच्या माणसांना हे विचारते आहे आणि वर्णनं इतकी सारखी येतात की थक्क व्हायला होतं. आखूड केस, नाहीतर मोठं कुंकू. हातमागाची सुती साडी, खांद्याला झोळी. आवाज चढा. संसार मोडलेला, किंवा मुळात मांडलेलाच नाही. पुरुषांवर राग. माझी शेजारीण पनवेलहून लोकलनं नोकरीला जाते, नवऱ्यावर जीव टाकते, गुरुवारचे उपास करते. ती त्या फोटोच्या शेजारी जाऊन उभी राहिली, काहीच जुळलं नाही आणि ती प्रामाणिकपणे म्हणाली, “मी स्त्रीवादी नाही.” ती खोटं बोलत नव्हती. पेंग्विननं स्वतःला चिमणीशेजारी ठेवून पाहिलं होतं, इतकंच.

मग हा फोटो काढला कुणी? इथे एक चक्रावून टाकणारी गोष्ट आहे. जगभरच्या स्त्रीवादी बाईच्या प्रतिमेतला सगळ्यात गाजलेला तपशील म्हणजे ब्रा जाळणारी बाई. तो तपशील ज्या दिवसातून आला, त्या दिवशी आग लागलेलीच नव्हती! ७ सप्टेंबर १९६८, अमेरिकेतलं अटलांटिक सिटी, मिस अमेरिका स्पर्धा. बाहेर बायकांनी निदर्शनं केली आणि एक मोठं पिंप ठेवलं. त्याचं नाव ‘स्वातंत्र्याची कचरापेटी’. त्यात पडलं काय? फरशी पुसायचे पोछे, भांडी, उंच टाचांचे बूट, पोट आवळणारे पट्टे, काही ब्रा. काडी कुणीही लावली नाही. पण त्याच सुमाराला व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी तरुण मुलं लष्करभरतीची कार्डं जाळत होती. वार्तांकनात या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या गेल्या आणि त्या शेजारातून अशी एक ज्वाळा उठली की ती अर्ध्या शतकानंतरही विझलेली नाही. न लागलेल्या आगीचा धूर थेट करंजाड्याच्या गच्चीपर्यंत पोचतो, याला काय म्हणावं?

शब्दाची स्वतःची जन्मकथा तर याहून अजब. तो फ्रेंच. १८७१ साली फानो द ला कूर नावाच्या तरुण डॉक्टरानं प्रबंध लिहिला. विषय होता क्षयाच्या पुरुष रोग्यांमध्ये दिसणारी बायकी लक्षणं. त्या लक्षणांना त्यानं म्हटलं ‘फेमिनिझम’. म्हणजे स्त्रीवाद हा शब्द अगदी सुरुवातीला छापला गेला तो पुरुषांना होणारा एक विकार म्हणून! पुढच्याच वर्षी, १८७२ साली, ‘थ्री मस्केटिअर्स’ लिहिणाऱ्या ड्यूमाच्या मुलानं, तोही लेखकच, बायकांची बाजू घेणाऱ्यांना चिडवायला ‘फेमिनिस्ट’ हा शब्द वापरला. पहिल्यांदा रोग, मग टोमणा. आणि मग एका बाईनं तो टोमणा जमिनीवरून उचलला, झटकला आणि स्वतःच्या पदरावर लावला. ती ह्यूबर्टीन ओक्लेर. फ्रान्समध्ये बायकांना मत नाही तर मी करही भरणार नाही, असं सरकारला ठणकावणारी. ती आणि तिचं वर्तमानपत्र हा शब्द अभिमानानं वापरू लागले, ते वर्ष साधारण १८८२.

१८८२! हा आकडा वाचला तेव्हा मी खुर्चीतून उठले. कारण त्याच १८८२ साली पॅरिसपासून हजारो मैलांवर, विदर्भातल्या बुलढाण्याच्या एका बाईचं पुस्तक पुण्याच्या शिवाजी छापखान्यात छापून तयार झालं होतं. प्रती ५००, किंमत नऊ आणे. नाव ‘स्त्री-पुरुष तुलना’, लेखिका ताराबाई शिंदे. त्यांना ‘फेमिनिस्ट’ हा शब्द ऐकूही आलेला असणं शक्य नाही. तो तिकडे पॅरिसात नुकता कुठे सरळ अर्थानं उभा राहत होता.

ताराबाई लिहायला बसल्या त्या एका बातमीवरून. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेनं समाजाच्या भयानं आपलं नवजात मूल मारलं, म्हणून १८८१ साली तिला फाशीची शिक्षा झाली. अपिलात ती शिक्षा कमी झाली, पण वर्तमानपत्रांतून बायकांच्या बिघडलेल्या चालचलणुकीवर जो धुरळा उडाला तो काही कमी झाला नाही. ताराबाईंची युक्ती इतकी साधी आणि इतकी धारदार आहे की आजही वाचताना अंगावर काटा येतो. बायकांवर पुरुष जे जे दोष लादतात, त्यांतला एकेक दोष त्या घेतात आणि विचारतात, हा तुमच्यात नाही का? कपट? साहस? मूर्खपणा? घाला तराजूत! पुस्तकाचं नावच ‘तुलना’. एका पारड्यात बाई, एका पारड्यात बुवा, आणि काट्यावर त्यांची नजर. न मूल, न झोळी. वडील सरकारी कचेरीत नोकरीला आणि सत्यशोधक विचारांचे. त्या घरात बसून एका बाईनं शतकभर पुढचा हिशेब मांडला.

पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुले आपल्या ‘सत्सार’मधून त्यांच्या बाजूनं उभे राहिले. ताराबाईंचं दुसरं पुस्तक मात्र आलं नाही. आणि ते पहिलंही विस्मरणात गेलं, ते संशोधक स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. साल १९७५, आंतरराष्ट्रीय महिला वर्ष! जगानं ज्या वर्षी बायकांचा विचार करायचं ठरवलं, त्याच वर्षी ९३ वर्षं झोपलेलं पुस्तक जागं झालं.

१८८२ची गंमत इथेही संपत नाही. त्याच वर्षी पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिलं आणि हंटर शिक्षण आयोगापुढे बायकांच्या शिक्षणाबद्दल आणि डॉक्टरकीबद्दल साक्ष दिली. पॅरिस, बुलढाणा, पुणे. ठरवून कुणी काही केलं नव्हतं. जमिनीखाली पाण्याचा एकच झरा असावा आणि तीन गावांत एकाच पावसाळ्यात तीन विहिरी लागाव्यात, तसं.

म्हणजे आपल्याकडे काम शब्दाच्या आधीपासून चाललेलं होतं. शब्द मागाहून गाडी पकडून आला. हे एकदा लक्षात आलं की भिंतीवरच्या त्या फोटोतून बाहेर राहिलेली माणसं दिसायला लागतात, आणि ती इतकी निघतात की फोटोचीच लाज वाटावी.

२० जुलै १९४२. नागपूर. अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. ठराव काय, तर बाईला घटस्फोटाचा कायदेशीर हक्क हवा, एकाहून अधिक बायका करण्यावर बंदी हवी, गिरण्यांत आणि विड्या वळायला जाणाऱ्या बायकांना रजा हवी. देशभरातल्या हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला १९५५च्या कायद्यानं. वस्तीतल्या बायका तेरा वर्षं आधीच तो मागून मोकळ्या झाल्या होत्या! पण स्त्रीचळवळीचा इतिहास लिहिताना त्यांची नावं कुठे होती? ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून घरोघर फिरल्या, म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या शोधल्या, त्यांच्या तोंडून सगळं ऐकलं आणि १९८९मध्ये ‘आम्हीही इतिहास घडवला’ आलं. त्या शीर्षकातल्या ‘ही’कडे बघा. स्त्रीवादी कोणाला म्हणायचं, हा वाद फक्त चळवळीच्या बाहेरचा नव्हता, आतलाही होता. ते एक अक्षर दारावर थाप मारतं.

दुसरीकडे नाशिक जिल्ह्यातलं चांदवड, नोव्हेंबर १९८६. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन. नऊवारीतल्या, शेतात राबणाऱ्या बायका नुसत्या लोटल्या होत्या. बोलावणारा कोण? कांद्याच्या आणि उसाच्या भावासाठी रस्ते अडवणारा एक पुरुष, शरद जोशी. त्यातून पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ आली. नवऱ्यानं आपल्या खुशीनं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. हजारो शेतकऱ्यांनी केला. १९९२मध्ये बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावायचं शासनाचं परिपत्रकही निघालं. धोतर-टोपीतला तो शेतकरी तलाठ्यासमोर जाऊन म्हणतो, “हिचं नाव घाला.” डोळे मिटून ‘स्त्रीवादी’ म्हटल्यावर तो कुणाला दिसला असता?

आणि ४ मे २०२२ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं काय केलं? ग्रामसभेत ठराव. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तोच कित्ता गिरवायला सांगितलं. आमच्या गच्चीवर त्या जावेच्या हातात जी चाळणी होती, तिच्यामागे हेरवाडचा हात कितपत होता कोण जाणे. पण वारा तिकडूनच सुटला होता हे नक्की.

आता माझ्या शेजारणीच्या फ्लॅटकडे वळू. कारण त्यात एक सुंदर गुंता आहे.

१ एप्रिल २०२१पासून महाराष्ट्रात घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. अट अशी की खरेदीदार बाईच हवी. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. चाळीस लाखांच्या फ्लॅटवर चाळीस हजार रुपये! करंजाड्यासारख्या ठिकाणी, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या सेक्टरांत, रोज नव्या इमारती उभ्या राहतात आणि नोकरदार जोडपी कर्जाचे हप्ते जुळवत घर घेतात. तिथे चाळीस हजार म्हणजे स्वयंपाकघराची ट्रॉली आणि वर फ्रीज. नवरा आकडेमोड करतो, बायको म्हणते एकटीच्याच नावावर, तो म्हणतो घे. आणि ज्या घरात चार पिढ्यांत कुठल्याही बाईच्या नावावर वीतभर जमीन नव्हती, तिथे एक मालकीण तयार होते. यात स्त्रीवादी कोण? आग्रह धरणारी ती? हिशेब करणारा तो? की मंत्रालयात बसून ती ओळ लिहिणारा कुणी अधिकारी? माझं मत विचाराल तर तिघंही. बाईच्या नावावर घर झालं की ते झालं. हेतूची मोजपट्टी घेऊन दारात उभं राहायला मी तयार नाही.

आणि एकाच डोक्यात किती परस्परविरोधी गोष्टी सुखानं नांदतात तेही पाहा. प्यू संशोधन संस्थेनं २०१९-२०मध्ये भारतभर जवळजवळ तीस हजार माणसांना विचारलं. बायकोनं नेहमी नवऱ्याचं ऐकलंच पाहिजे, याला ८७ टक्के लोकांची कमीअधिक संमती. आणि आईबापांच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी दोघांना सारखा हक्क हवा, असं म्हणणारे ६४ टक्के. दोन्ही आकडे त्याच माणसांचे! माणसाचं मन ही एकसंध शिळा नव्हेच. ती चाळ आहे. एका खोलीत आजोबा राहतात, शेजारच्या खोलीत नात.

मालमत्तेचा विषय निघाला की आमच्या भागात आवाज आपोआप खाली येतो. करंजाडे-वडघर पट्ट्यात ‘आर’ अक्षरानं सुरू होणारे सेक्टर आहेत. नवी मुंबईच्या विमानतळासाठी जी गावं उठली, त्यांतली घरं इकडे वसली. त्याआधी, १९७०मध्ये सिडको आली तेव्हापासून, आगरी-कोळ्यांची भातशेती आणि मिठागरं शहराखाली गेली. लढे झाले, १९८४मध्ये जासईच्या परिसरात माणसं गोळीबारात गेली आणि त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. विमानतळाच्या वेळी ते साडेबावीस टक्क्यांवर गेलं. ज्या शेतात कालपर्यंत भाताचे भारे निघत, तिथल्या भूखंडाला एकाएकी कोटींचा भाव. आणि मग घराघरांत एक प्रश्न उभा राहिला जो शेत होतं तोवर कुणी विचारला नव्हता. बहिणींचं काय?

कायद्याचा प्रवास इथे रहस्यकथेसारखा आहे. १९५६च्या वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या वाट्यातला वाटा दिला, पण वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच भागीदार धरला तो फक्त मुलगा. महाराष्ट्रानं २२ जून १९९४ला हे बदललं आणि मुलीलाही जन्मतः भागीदार केलं. मात्र त्या तारखेआधी लग्न झालेली मुलगी त्यातून वगळली. म्हणजे थोरली ९३ साली उजवली आणि धाकटी ९५ साली, तर एकाच आईच्या पोटच्या दोघी, एक आत आणि एक बाहेर. मधे फक्त एक मांडव! ९ सप्टेंबर २००५ला देशाचा कायदा बदलला आणि लग्नाची ती अट गेली. तरी त्या दिवशी बाप हयात हवा होता की नको, यावर पंधरा वर्षं वाद चालला. शेवटी ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हक्क जन्मानं मिळतो, बाप हयात असायची गरज नाही.

एवढी मोठी इमारत उभी राहिली आणि तिच्या तळमजल्यावर एक छोटं दार उघडं राहिलं. त्याचं नाव हक्कसोडपत्र. बहिणीनं भावाच्या नावे लिहून द्यायचं की माझा वाटा मी सोडला. काही शे रुपयांचा मुद्रांक, दुय्यम निबंधकाकडे दोन साक्षीदार, अंगठ्याचा ठसा, आणि कायद्यानं ६४ वर्षांत दिलेलं सगळं पंधरा मिनिटांत परत.

माझ्या शेजारणीच्या सासूबाई आगरी घरातल्या. त्यांनी असं पत्र दिलेलं आहे. परवा त्यांच्याकडे बसले होते, विषय निघाला. त्या भाकरीसाठी तांदळाचं पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, “भाव म्हनला, सही दे. दिली. मोरपंखी साडी आनली व्हती त्याने.” जमीन किती होती ते त्यांना सांगता आलं नाही. साडीचे काठ कसे होते ते मात्र त्यांनी पिठाच्या बोटानं परातीच्या कडेला काढून दाखवले.

सही का दिली, हे विचारायची गरज नव्हती. माहेर तुटू नये म्हणून. भाऊबीजेला दार उघडं असावं म्हणून. जी सही देत नाही तिला काय काय म्हणतात, ते आपल्याला सगळ्यांना पाठ आहे. घरफोडी. हावरट. भावाच्या तोंडचा घास काढणारी. गंमत बघा, यांतल्या कुणालाही ‘स्त्रीवादी’ म्हणत नाहीत. सही न देणाऱ्या बाईइतकं त्या शब्दाच्या जवळ जाणारं माझ्या पाहण्यात कुणी नाही. तिला मात्र त्या शब्दाची सावलीसुद्धा मिळत नाही, नुसत्या शिव्या मिळतात. आणि जिनं सही दिली ती? मी तिला त्या रांगेतून काढायला तयार नाही. कारण याच सासूबाईंनी फ्लॅटच्या वेळी मुलाला सांगितलं, “तिच्या नावावर कर.” हे मला शेजारणीनं नंतर, हळू आवाजात सांगितलं.

आणि याच आजींकडून मला आणखी एक ठेवा सापडला. त्यांना धवले येतात. आगरी लग्नात धवलारीण असते. ती बाई. हळदीपासून मांडवापर्यंत लग्नाचे विधी तिच्या गाण्यावर चालतात. पोथी नाही, सगळं तोंडपाठ, आईकडून लेकीकडे नाहीतर सासूकडून सुनेकडे आलेलं. ती गाते, देवांना बोलावते, पुढचं काय ते सांगते आणि वर-वधू तिचं ऐकतात. जगात कित्येक धर्मांमध्ये बाईला पौरोहित्य द्यावं की नाही यावर अजून सभा भरतात, आणि आमच्या पनवेल-उरणच्या मांडवांत ती केव्हाची बसलेली आहे!

आता यातला ‘धवले’ हा शब्द पकडा आणि मागे चला. साडेसातशे वर्षं. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदंबेनं कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचली. मराठीतली पहिली कवयित्री म्हणून तिचं नाव घेतलं जातं आणि त्या रचनेचं नाव आहे ‘धवळे’. मराठी बाईचा आपल्याला ठाऊक असलेला पहिला काव्यस्वर हा लग्नात गाणाऱ्या बाईचा स्वर आहे, आणि त्याच जातीचा शब्द करंजाड्याच्या एका स्वयंपाकघरात, पिठाचे हात धुता धुता, मला जिवंत ऐकायला मिळाला. ‘लीळाचरित्रा’तली महदंबा गप्प बसणारी नव्हे. ती सारखे प्रश्न विचारते. आणि तिचे गुरू चक्रधर, ज्या काळात पाळीच्या बाईला चार दिवस दूर बसवत त्या काळात सांगतात की शरीरातून जसे इतर स्राव जातात तसाच हाही एक, त्यात विटाळ कसला? तेराव्या शतकात! फ्रेंच डॉक्टरचा तो प्रबंध यायला अजून सहाशे वर्षं होती.

मी आजींना विचारलं, धवले म्हणायला कुणाकडून शिकलात? म्हणाल्या, “आयशीकडनं. वावरात.” भात लावताना. वाकलेल्या पाठींच्या ओळीतून एकीकडून दुसरीकडे. ते वावर आता धावपट्टीच्या आसपास कुठेतरी आहे.

मागच्या आठवड्यात शेजारणीच्या दारावर नवी पाटी लागली. पनवेलच्या दुकानातून करून आणलेली, काळ्या दगडावर पांढरी अक्षरं. दुकानदारानं विचारलं होतं, वर कुणाचं नाव घालू? ती म्हणाली, कागदावर जिचं आहे तिचं. मग तिच्या खाली नवऱ्याचं, मुलीचं, आणि त्याखाली सासूबाईंचं पूर्ण नाव, त्यांच्या स्वतःच्या पहिल्या नावानं सुरू होणारं. जागा पुरेना म्हणून आडनाव एकदाच, तळाशी.

पाटी लागली त्या संध्याकाळी मी दूध घेऊन वर येत होते. आजी दार उघडं टाकून उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या आणि आपलं नाव कुठून सुरू होतं ते बोटानं शोधत होत्या. त्यांना वाचता येत नाही. मी त्यांचं बोट धरून चौथ्या ओळीवर नेऊन ठेवलं.